ड्रॉ झाला तरी जमते ना जी!

(चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात, फुटबॉल स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात फुटबॉलचं बोलणं दोन भाषांत चालतं. एका पानठेल्यावर मराठीत आणि रस्ता ओलांडला की बंगालीत. पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसली. येताना सोबत काय आणता आलं असेल ते असो, पण फुटबॉल त्यांनी आणला. धान निघालं की बांधीत गोलपोस्ट उभे राहतात ते त्यांच्यामुळे. तुमच्यातले जे आजोबा इथं पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना चुनी गोस्वामी हे नाव घेतलं की अजून डोळ्यांत चमक येते. 1962 साली जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार. 1964 च्या आशियाई चषकात आपण दुसरे आलो, तेव्हाही कर्णधार तोच. नातवाला विचारलं तर तो मेस्सी म्हणेल. ठीक आहे, त्यात माझं काही भांडण नाही.

माझं भांडण आहे ते आपण आपल्या संघाविषयी बोलतो कसं, याच्याशी. मी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यामुळे गुणतक्ता दिसला की मला राहवत नाही, तुम्ही समजून घ्या. भारत एखाद्या स्पर्धेत उतरला की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी जाते. जिंकलो तर थेट 'आता वर्ल्डकप कधी?' आणि हरलो तर 'रेफरीनं घात केला.' मधला सगळा रस्ता कोणी चालतच नाही. आज तो मधला रस्ता तेवढा बोलायचा आहे, आणि त्यासाठी एक रात्र जरा सावकाश उलगडायची आहे.

14 जानेवारी 2019. संक्रांतीची आदली रात्र. थंडी अशी की पानठेल्यासमोर शेकोटी पेटलेली. शेजारच्या गावात नाटक होतं. झाडीपट्टीत जानेवारीत नाटक नाही असं गाव शोधावं लागतं. तरी नाटक उशिरा सुरू होतं, म्हणून पोरं म्हणाली, आधी मॅच पाहू, मग जाऊ. शारजात भारत विरुद्ध बहरीन, आपल्याकडे साडेनऊला सुरू. आशियाई चषकाच्या गटातला शेवटचा सामना.

आता त्याआधी काय झालं होतं ते आठवा. 6 तारखेला अबुधाबीत आपण थायलंडला 4-1 हरवलं. सुनील छेत्रीचे दोन गोल, अनिरुद्ध थापाचा एक, जेजेचा एक. आशियाई चषकात 1964 नंतरचा आपला तो पहिला विजय. मग 10 तारखेला यजमान अमिरातीशी 0-2 हरलो. पण तो सामना ज्यांनी पूर्ण पाहिला त्यांना ठाऊक आहे की आपला चेंडू दोनदा गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला, उदांताचा एकदा आणि झिंगनचा एकदा. तेव्हा शेवटच्या फेरीआधी तक्ता असा होता: अमिरात 4, आपण 3, थायलंड 3, बहरीन 1. थायलंड आणि आपण सारख्या गुणांवर राहिलो तर आपसातला सामना आधी पाहणार, आणि तो आपण जिंकलेला. म्हणजे बहरीनशी नुसती बरोबरी केली तरी आपण पुढं जाणार होतो.

हे गणित मीच त्या रात्री शेकोटीजवळ काडीनं मातीत मांडून दाखवलं. आणि ते ऐकल्याबरोबर ठेलेवाला म्हणाला, "मंग ड्रॉ झाला तरी जमते ना जी, मास्तर!" झालं. त्या क्षणापासून सगळा ठेला ड्रॉ बघायला बसला. चेंडू बहरीनच्या गोलकडे गेला की कोणी उठेना, आपल्या गोलकडे आला की सगळे उभे. सामन्याच्या सुरुवातीलाच अनस जायबंदी होऊन बाहेर गेला होता, त्यामुळे मधला बचाव तसाही विस्कटलेला. दुसऱ्या अर्धात बहरीन चढतच आलं. आपला गोलकीपर गुरप्रीत वाचवत राहिला, आणि आपण काय करत होतो? घड्याळ बघत होतो. साठ झाली, सत्तर झाली, ऐंशी झाली. एक म्हातारे शेतकरी होते, फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नाही, शेकोटीसाठी बसलेले. ते म्हणाले, "पटात बैल सुटल्यावर कासरा मागं ओढतेत का रे बाप्पा?" पोरं हसली.

नव्वद संपली. भरपाईच्या वेळेत आपल्या गोलसमोरच्या पेटीत, म्हणजे पेनल्टी बॉक्समध्ये, प्रणय हलदरचा पाय बहरीनच्या खेळाडूला लागला आणि पेनल्टी. जमाल राशिदनं ती घातली. 0-1. आणि आपण गटात चौथे! दुसरे होतो, चौथे झालो. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी सामन्यानंतर लगेच राजीनामा दिला. ठेल्यावर पुढचा तासभर एकच विषय, हलदरचा तो पाय. नाटकाला कोणी गेलंच नाही.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की आपण हलदरचा पाय नको तेवढा बोललो. त्याआधीची नव्वद मिनिटं कोणी बोललंच नाही. चेंडू मिळाला की तो ठेवायचा कुणाकडे, हा प्रश्न त्या संघाला सुटला नव्हता. चेंडू मिळायचा, लांब उडवला जायचा, परत यायचा. अशा खेळात शेवटच्या मिनिटाला काहीतरी होणारच. पेनल्टी नसती तर दुसरं काही झालं असतं, निदान तशी शक्यता मिनिटागणिक वाढत होती. अमिरातीविरुद्ध हरताना आपण याहून बरं खेळलो होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं बरोबरीचा आधार मनात नव्हता.

आणि तक्त्यातली गंमत पुढेच आहे. त्याच वेळी अल ऐनला अमिरात आणि थायलंड 1-1 वर अडकले होते. तो सामना थायलंड हरलं असतं तर आपण हरूनही तिसरे आलो असतो, कारण थायलंडशी आपला निकाल आपल्या बाजूचा. 24 संघांच्या त्या स्पर्धेत सहा गटांतले पहिले दोन-दोन आणि शिवाय चार चांगले 'तिसरे' पुढं जाणार होते. व्हिएतनाम बघा. एक जिंकले, दोन हरले, गुण 3, गोलफरक उणे एक. आपणही एक जिंकलो, दोन हरलो, गुण 3, गोलफरक शून्य. म्हणजे कागदावर आपण व्हिएतनामपेक्षा सरस. पण ते आपल्या गटात तिसरे आणि आपण आपल्या गटात चौथे. व्हिएतनाम आणि लेबनॉन सगळ्याच आकड्यांत बरोबर होते, शेवटी पिवळी कार्डं कोणाला कमी मिळाली यावर व्हिएतनाम पुढं गेलं. पुढं जॉर्डनला पेनल्टीत हरवून उपांत्यपूर्व फेरीही खेळलं, जपानकडून फक्त 0-1 नं हरलं. आपण घरी आलो. स्पर्धेतली प्रगती ही अशी चीज आहे, पोरांनो. दुसऱ्या शहरात दुसरे दोघे काय करतात यावरही ती ठरते. म्हणून बरोबरीचा हिशोब करून उतरणं धोक्याचं. त्या हिशोबातला अर्धा भाग आपल्या हातातच नसतो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, मग मोरोक्कोनं काय केलं? तेही तर बचावच करत होते! हा प्रश्न चांगला आहे. 2022 च्या वर्ल्डकपचे सामने धानाची मळणी सुरू असताना झाले, आणि इथल्या बऱ्याच जणांनी ते खळ्यावर मोबाइल उभा करून पाहिले. मोरोक्कोनं पहिलाच सामना क्रोएशियाशी 0-0 सोडवला. पण पुढच्या सामन्यात बेल्जियमला 2-0, मग कॅनडाला 2-1, आणि गटात पहिले. स्पेनविरुद्ध एकशेवीस मिनिटं 0-0. स्पेननं हजारांवर पास दिले. पेनल्टीत स्पेनचे तीन खेळाडू आले, एकानंही गोल केला नाही. एक दांड्यावर, दोन मोरोक्कोचा गोलकीपर बोनोनं अडवले. माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकिमीनं गोलकीपर आडवा झाल्यावर मधोमध हलकेच चेंडू टाकला, तो तुम्ही किती वेळा पाहिला असेल! मग पोर्तुगालला 1-0. एन-नेसिरीची ती उडी आठवते ना, गोलकीपरच्या हाताच्याही वर? उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी एकच गोल खाल्ला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूचा. वर्ल्डकपची उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला तो पहिला संघ.

फरक असा की मोरोक्को बचाव करायचं पण चेंडू मिळाला की बाहेर कसं निघायचं हे त्यांना पाठ होतं. हकिमी उजवीकडून, बुफाल डावीकडून, मधून ऊनाही. तो ऊनाही, एन-नेसिरी, अगुएर्द, हे त्यांच्या राजाच्या नावाच्या अकादमीत शिकून वर आले. बाकी 26 पैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले, कोणी नेदरलँड्समध्ये, कोणी फ्रान्समध्ये. बोनो तर कॅनडात जन्मलेला. कोच वालिद रेग्रागी वर्ल्डकपच्या तीन-एक महिने आधीच आला होता. म्हणजे एका कोचनं जादू केली असंही नाही आणि नुसत्या अकादमीनं केली असंही नाही. फ्रान्सपुढं शेवटी 0-2 हरले, पाचव्याच मिनिटाला गोल खाऊन. आणि गंमत म्हणजे पिछाडीवर पडल्यावर त्यांनी फ्रान्सला बराच वेळ दाबून धरलं. गरज पडली तेव्हा त्यांना पुढं येता आलं.

आपल्याकडे परत येऊ. 11 जून 2024, दोहा. वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत कतारविरुद्ध छांगटेच्या गोलनं आपण 1-0 पुढं. असंच संपलं असतं तर आपण तिसऱ्या फेरीत गेलो असतो. 73 व्या मिनिटाला चेंडू सरळसरळ रेषेबाहेर गेला, तो ओढून आत आणला आणि गोल दिला गेला. व्हिडिओ बघून निर्णय बदलायची सोय त्या सामन्यात नव्हती. मग 85 व्या मिनिटाला दुसरा. 1-2. तो गोल चुकीचा होता, हे मी हजारदा म्हणेन. पण तुम्ही मला सांगा, त्या गटात आपल्याला शेवटच्या दिवशी कतारला कतारमध्ये हरवायची वेळ आलीच का? मार्चमध्ये अफगाणिस्तानशी सौदी अरेबियातल्या आभात 0-0, मग गुवाहाटीत घरच्या मैदानावर 1-2 हार. दोन सामन्यांत सहापैकी एक गुण. 6 जूनला कोलकात्यात कुवेतशी 0-0, छेत्रीनं तेव्हा निरोपाचा म्हणून खेळलेला तो सामना. सगळं स्टेडियम रडलं, आपणही रडलो, आणि दोन गुण तिथंच राहिले. दोह्याच्या रात्री कुवेत जिंकलं, त्यामुळे कतारशी 1-1 सुद्धा आपल्याला पुरलं नसतं. हे कोणी ठेल्यावर बोलत नाही. रेषेबाहेरचा चेंडू बोलायला सोपा आहे.

त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं त्यात फार नाही. 2025 मध्ये हाँगकाँगकडून 0-1, सिंगापूरशी 1-1 आणि मग घरी 1-2, आणि 2027 चा आशियाई चषक हातातून गेला. आणि त्याआधी जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात तर तीन सामने, शून्य गोल. रेफरीला बोल लावायलाही जागा नव्हती.

पण त्याच 2025 सालात, 5 जुलैला, थायलंडमधल्या चियांग माई इथं महिलांच्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आपल्या मुली खेळत होत्या. तो सामना या गावात किती जणांनी पाहिला? हात वर करा. बरं. दोन हात, आणि एक तर माझ्या मुलीचाच. मग ऐका. मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 हरवून आपण तिथपर्यंत आलो होतो. थायलंडही तिन्ही सामने जिंकलेलं. आता गणित बघा: दोघांचेही नऊ गुण, दोघांचाही गोलफरक 22, दोघांनीही एकही गोल खाल्लेला नाही. जागा एक. म्हणजे ड्रॉ झाला तरी जमते, असं म्हणायची सोयच नव्हती. थायलंड क्रमवारीत आपल्यापेक्षा वर, मैदान त्यांचं. संगीता बासफोरनं पहिल्या अर्धात गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी केली. आणि 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच, यावेळी हेडरनं. 2-1. पात्रता फेरी खेळून, जिंकून, आशियाई चषकात भारतीय महिला पहिल्यांदाच पोचल्या. 2022 साली हीच स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात होती, मुंबई, नवी मुंबई, पुण्यात. यजमान म्हणून प्रवेश होता, आणि इराणशी एक 0-0 खेळून कोरोनामुळे संघाला माघार घ्यावी लागली होती. त्याच संघातल्या काहीजणी चियांग माईत होत्या.

संगीता पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची. मागच्या बाजूला बसलेल्या आयाबायांनो, हे नाव घरी जाऊन पोरींना सांगा. 1-1 झाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मोबाइलवर मिळतील, ती दाखवा. गोल तर सगळेच दाखवतात. बरोबरी झाल्यावर त्या मुली मागं सरकल्या की पुढं गेल्या, ते पोरींनाच शोधू द्या.

आयोजकांना एक विनंती. उद्या फळ्यावर गुणतक्ता लावाल, त्याच्या खाली गुण समान झाले तर आधी काय बघणार, आपसातला सामना की गोलफरक, हे आजच रात्री लिहून ठेवा. मागच्या वर्षी ते ठरलं नव्हतं आणि दोन गावांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खडू मी आणलाय. आणि आता प्रश्न असतील तर विचारा, फक्त भारत वर्ल्डकप कधी खेळणार, तो सोडून.