ब्रॉडहेडची निवड : साताऱ्यातील एका कार्यशाळेतून

(दृश्य : यवतेश्वरच्या घाटातून दिसणारे सातारा शहर, मागे अजिंक्यतारा, मग शहराच्या कडेची पत्र्याची शेड)

साताऱ्यात धनुर्विद्येचे आता कुणाला नवल वाटत नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळून आले. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात विश्वविजेती झाली. जिथे इतके नेमबाज घडतात, तिथे त्यांचे बाण जुळवून देणारे हातही लागतातच. या शेडमध्ये बसलेले तंत्रज्ञ गेली अनेक वर्षे हेच काम करतात. शाफ्ट (बाणाची नळी) कापणे, तिच्या तोंडात इन्सर्ट (टोक जोडायचा तुकडा) बसवणे, व्हेन (बाणाच्या मागची पिसे) चिकटवणे, वजन जुळवणे असा त्यांचा दिवस जातो.

आज त्यांच्यासमोर बसलेला तरुण त्यांचा भाचा आहे. तो नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो आणि गणपतीला घरी आला आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार परवाना काढून करता येते आणि तो मोसम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. भाच्याकडे तो परवाना आहे, आणि त्यासाठी त्याला ब्रॉडहेड, म्हणजे बाणाला लावायचे धारदार पात्यांचे शिकारीचे टोक, निवडायचे आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोयना-चांदोलीच्या जंगलातील सांबर, भेकर यांना तिचे संरक्षण आहे, हे येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. या चित्रफितीत साताऱ्यात सुटणारा प्रत्येक बाण फोमच्या ठोकळ्यातच जातो.

(दृश्य : टेबलावर मांडलेली टोके, जवळून)

डावीकडचे गुळगुळीत, बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे टोक म्हणजे सरावाचा फील्ड पॉइंट. मधले तीन पात्यांचे आहे. पाती आणि दांडा एकाच पोलादाच्या तुकड्यातून घडवलेली असून त्यात हलणारा एकही भाग नाही. उजवीकडच्याची पाती मिटलेली असतात आणि लक्ष्यावर आदळताच ती उघडतात. त्याला मेकॅनिकल म्हणतात. मधले आणि उजवीकडचे ही दोन्ही ब्रॉडहेड आहेत, आणि निवड त्या दोहोंतच करायची आहे.

भाच्याची नजर मेकॅनिकलवर आहे. त्याची पाती उघडल्यावर रुंदी दोन इंच भरते, आणि मिटलेल्या अवस्थेत ते जवळजवळ फील्ड पॉइंटसारखेच उडते, हे त्याचे दोन्ही गुण खरे आहेत. मामा मात्र टोकाकडे न पाहता धनुष्याकडे बोट दाखवतात आणि ते ओढायला लागणारा जोर विचारतात.

"किती पौंड ओढतोस?"

"पंचावन्न, मामा."

"मग उघडण्यात ताकद घालवणारं पातं तुला कशाला?"

बाणाचे काम गोळीसारखे नाही. गोळीचा आघात मोठा असतो. बाण कापतो, आणि हरीण पडते ते रक्तस्रावाने आणि फुप्फुसे निकामी झाल्याने. म्हणून पाते दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले पाहिजे. पाती उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्ची पडते, आणि तिरक्या कोनात लागल्यास एखादे पाते नीट न उघडण्याचा धोका राहतो. सत्तर पौंडांच्या धनुष्याला हे परवडते. पंचावन्नला परवडत नाही, असे मामांचे मत आहे, आणि शेडमध्ये जे पाहिले त्यावरून ते मत आम्हांलाही पटले.

रुंदीचा हिशोबही वाटतो तितका एकतर्फी नाही. तीन पात्यांच्या ब्रॉडहेडचा व्यास सव्वा इंचाहून थोडा कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आहे. प्रत्येक पाते मध्यापासून सुमारे १४ मिलीमीटर कापते आणि तिन्ही मिळून काप सुमारे ४३ मिलीमीटर होतो. दोन पात्यांच्या दोन इंची मेकॅनिकलचा काप सुमारे ५१ मिलीमीटर भरतो. शिवाय तीन पात्यांची जखम तिकोनी असल्याने सरळ चिरेसारखी सहज मिटत नाही आणि रक्ताचा माग अधिक स्पष्ट मिळतो. विस्कॉन्सिनचा नियम किमान सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलीमीटर रुंदी मागतो. हे टोक त्यात सहज बसते.

(दृश्य : डिजिटल काटा, त्यावर एकेक टोक)

पाकिटावर प्रत्येक टोकाचे वजन १२५ ग्रेन लिहिलेले आहे, म्हणजे सुमारे ८.१ ग्रॅम. काट्यावर पहिले १२४.८ भरले, दुसरे १२५.३ आणि तिसरे १२७.९. तिसऱ्यावर मामा लाल पेनाने खूण करतात. ते फक्त सरावासाठी राहील. भाचा आजवर १०० ग्रेनचे टोक वापरत होता. पंचवीस ग्रेन पुढे वाढल्याने ४२० ग्रेनचा बाण ४४५ चा होतो आणि त्याचा तोल पुढे सरकतो. मामा बाण सुरीच्या पाठीवर आडवा ठेवून तोल साधतात आणि तिथे खूण करतात. ७१ सेंटीमीटरच्या बाणात ही खूण मध्यापासून सुमारे १० सेंटीमीटर पुढे आली, म्हणजे तोल लांबीच्या १४ टक्के पुढे गेला. वजन पुढे असले की बाण लक्ष्यात शिरताना सरळ राहतो. मात्र त्याच वजनाने शाफ्ट सुटताना अधिक वाकतो. त्यामुळे टोक बदलले की शाफ्टचा ताठपणा पुन्हा तपासावाच लागतो, आणि पुष्कळ जण नेमके हेच विसरतात.

(दृश्य : बाण टोकावर उभा करून फिरवणे, सावली भिंतीवर)

टोक लाकडी फळीवर टेकवून मामा बाण बोटांनी भिंगरीसारखा फिरवतात. टोक शाफ्टच्या सरळ रेषेत असेल तर व्हेन धूसर दिसतात आणि टोकापाशी काहीच हलत नाही. वाकडे असेल तर टोक थरथरते आणि ते बोटांनाही जाणवते. पहिला बाण थरथरला. दोष टोकाचा नव्हता, शाफ्टचे तोंड काटकोनात कापले गेले नव्हते. ते पॉलिश पेपरवर घासून, इन्सर्ट पुन्हा चिकटवून बाण परत फिरवला, तेव्हा तो स्थिर राहिला. तीन पाती ही बाणाच्या पुढच्या बाजूला लावलेली पिसेच असतात. टोक केसभर वाकडे असले तरी ती बाणाला आपल्या दिशेने वळवतात. फील्ड पॉइंट हा दोष लपवतो, ब्रॉडहेड लपवत नाही.

(दृश्य : धार लावण्याचा दगड, पाणी, हात)

आता धार. तीन पात्यांच्या या टोकाची सोय अशी, की ते सपाट दगडावर आडवे ठेवले की दोन पात्यांच्या कडा एकाच वेळी टेकतात आणि कोन आपोआप सांभाळला जातो. मामा आधी कडेवर मार्करची शाई लावतात. चार हात मारल्यावर शाई जिथे उरते, तिथे दगड पोचलेला नसतो. मग टोक तिसऱ्या हिश्श्याने फिरवायचे, पुन्हा तितकेच हात, पुन्हा फिरवायचे. आधी खरबरीत दगड, मग बारीक. कडेला बर, म्हणजे घासताना उलटलेली धातूची बारीक कोर, आली की बोटाच्या नखाला ती अडकते. ती बारीक दगडावर हलक्या हाताने काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते मागे ओढायचे. हात घाईचा असला की कड गोल होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. बोथट पाते रक्तवाहिन्यांना बाजूला ढकलते किंवा फाडते, आणि फाटलेली वाहिनी लवकर आकसते. नीट कापलेली वाहिनी वाहत राहते. जनावराने कमीत कमी वेळ भोगावे यासाठी शिकाऱ्याच्या हातात जे काही आहे, त्यात नेमानंतर धारच येते, असे आम्ही ठामपणे म्हणू.

परीक्षेसाठी मामा रबरबँड बोटांवर सैल ताणतात आणि पाते त्याला नुसते टेकवतात. रबर दबले तर पाते पुन्हा दगडावर जाते. टेकताक्षणी तुटले तरच ते डब्यात जाते.

(दृश्य : मोकळे मैदान, फोमचा ठोकळा)

मैदानावर कुणी नाही, ठोकळ्यामागे मातीचा बांध आहे. स्पर्धेच्या लक्ष्यफलकावर ब्रॉडहेड मारत नाहीत, तो चिरून निकामी होतो. वीस मीटरवरून फील्ड पॉइंट मध्यावर लागले. त्याच नेमाने सोडलेले लाल खुणेचे टोक चार बोटे डावीकडे गेले. मामा रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार, उजवीकडे, मिलीमीटरभरही नाही इतकी सरकवतात. ब्रॉडहेड ज्या बाजूला चुकते तिच्या उलट, फील्ड पॉइंटच्या दिशेने रेस्ट न्यायची असते. दोन्ही एका जागी येईपर्यंत हे चालू राहिले, मग तीस मीटरवरून पुन्हा. मारलेले टोक फोममुळे बोथट होते, म्हणून शिकारीची टोके या ठोकळ्याला लावायचीच नाहीत.

(दृश्य : भाच्याने विस्कॉन्सिनहून पाठवलेले मोबाइलचे चित्रण)

ऑक्टोबरमध्ये भाच्याने बाजूने उभ्या हरणावर बाण सोडला. तो आरपार गेला, रक्त फेसाळ गुलाबी होते, अर्ध्या तासाने माग काढला आणि हरीण जवळच मिळाले. रक्त गडद लाल असते तर यकृताला लागले असे समजून चार ते सहा तास थांबावे लागले असते, आणि हिरवट अंश असता तर त्याहून बरेच अधिक.

बाणही त्याला मिळाला. एका पात्याची कड दगडावर आदळून दुमडली होती. त्याने टोकाचा फोटो मामांना पाठवला, आणि मामांनी एवढेच कळवले, की आधी बाण फिरवून पाहा, थरथरला तर टोक टाकून दे. स्थिर राहिला तर दुमडलेली कड जाईपर्यंत तिन्ही पाती सारखी घास, आणि मग पुन्हा वजन कर.