माउन ते कासाने : तंबूतून पाहिलेलं बोत्स्वाना

(दृश्य : माउन विमानतळ. धावपट्टीच्या कडेला ओळीनं उभी असलेली छोटी विमानं.)

निवेदन :

माउन. उत्तर बोत्स्वानातलं, थामलाकाने नदीकाठचं गाव. विमानतळ एवढासा, पण घरघर दिवसभर थांबत नाही. छोटी सेस्ना विमानं उठतात आणि थोड्याच वेळात ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातल्या एखाद्या मातीच्या धावपट्टीवर उतरतात. तिथं लॉजची गाडी तयार असते. हंगामात त्या लॉजचं एका रात्रीचं भाडं माणशी हजार डॉलरच्या वर जातं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या दुपटीवर.

आपण त्या विमानात बसणार नाही.

आपली गाडी बाहेर उभी आहे. बाजूंनी उघडी लँड क्रूझर, मागे ट्रेलर. ट्रेलरमध्ये कॅनव्हासचे तंबू, गाद्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, बर्फाच्या पेट्या, गॅसची टाकी, फावडं आणि तीन पायांचं बिडाचं भांडं. पाहुण्यांनी सामान मऊ पिशवीतून आणायचं असतं. चाकांची कडक बॅग घेऊन आलात तर ट्रेलर लावणारा तुमच्याकडे नुसता बघतो, बोलत काही नाही.

(दृश्य : बोत्स्वानाचा नकाशा. माउनपासून ईशान्येला कासानेपर्यंत सरकत जाणारी रेघ.)

बोत्स्वाना महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि लोकवस्ती जेमतेम २४ लाख. १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले आणि चित्र पालटलं. १९९० च्या पर्यटन धोरणात सरकारनं सरळ ठरवलं, की पाहुणे थोडे घ्यायचे आणि त्यांच्याकडून पैसा भरपूर घ्यायचा. रानाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच होतं. जिथं गाड्यांची रांग लागते, तिथं वाघ असो की सिंह, तो प्राणी राहत नाही, तमाशा होतो. ताडोब्यात एका वाघाभोवती जमलेल्या जिप्सी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ज्यांच्या खिशात तेवढे डॉलर नाहीत, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी उरतात सरकारी उद्यानांमधल्या तंबूच्या जागा. एका जागी दोन-तीन रात्री राहायचं, मग सगळं गुंडाळून पुढच्या जागी जायचं. याला इथं मोबाइल सफारी म्हणतात. हीसुद्धा दोन प्रकारची. एका प्रकारात नोकरचाकर असतात, पांढऱ्या चादरी असतात आणि तुम्ही पोचायच्या आधी तंबू उभा असतो. दुसऱ्या प्रकारात तंबू तुम्हीच उभा करता, भांडीही पाळीपाळीनं तुम्हीच घासता. आपण निघालोय तो हा दुसरा प्रकार. साधारण लॉजच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात काम भागतं. तरीही डॉलरचे रुपये करून पाहिले की पोटात गोळा येतोच.

(दृश्य : माउनमधलं सुपरमार्केट. ढकलगाडीत मक्याच्या पिठाच्या गोण्या, कांदे, बटाटे, मांस.)

खरेदी स्वयंपाक्याची. पुढं मोठं दुकान थेट कासानेला, मधे गावातल्या टपऱ्या. पहिल्या दोन दिवसांत ताजं मांस संपवायचं, मग गोठवलेलं, मग डब्यातलं. पालेभाजी आधी, कोबी-भोपळा नंतर. शाकाहारी पाहुणे आहेत हे आधी कळवलं तर सोय नीट होते. आयत्या वेळी सांगितलं तर रोज बटाटा. आणि संत्री घ्यायची नाहीत. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो आणि मग मधे गाडी आहे की तंबू, याचा तो विचार करत नाही. शेजारच्या झिम्बाब्वेत माना पूल्स उद्यानात तर संत्री-लिंबं आत न्यायलाच बंदी आहे. नागपूरकरांनी मनावर दगड ठेवावा.

(दृश्य : शोरोबे गाव. डांबर संपतं. गाइड टायरमधली हवा सोडतो.)

शोरोबेला डांबर संपतं. पुढं वाळू, तीही कलाहारीची, मैद्यासारखी बारीक. गाइड उतरतो, चारही टायरांतली हवा कमी करतो. टायर पसरतं आणि गाडी वाळूत रुतत नाही.

वाटेत एक लांबच लांब कुंपण लागतं. एका बाजूला गुरं, दुसऱ्या बाजूला रानम्हशी. रानम्हशींच्या अंगात लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात. ते गाईंपर्यंत पोचले तर बोत्स्वानाचं युरोपला जाणारं गोमांस थांबतं. म्हणून हे कुंपण, आणि म्हणून परतीच्या वाटेवर तपासणी. रानाच्या बाजूनं कच्चं मांस बाहेर नेता येत नाही, आणि बुटांचे तळही औषधात बुडवून घेतात. या कुंपणांनी प्राण्यांच्या स्थलांतराच्या जुन्या वाटा तोडल्या, असं वन्यजीव अभ्यासक अनेक वर्षं म्हणत आलेत. गुरं राखणारा त्याच कुंपणाच्या भरवशावर झोपतो.

(दृश्य : मोरेमी अभयारण्याचं दक्षिण फाटक.)

मोरेमी. १९६३ साली बाटावाना समाजानं आपल्याच जमिनीवर हे अभयारण्य राखून ठेवलं. राजे मोरेमी तिसरे वारले होते आणि कारभार त्यांच्या पत्नी एलिझाबेथ पुलाने मोरेमी पाहत होत्या. बेसुमार शिकारीनं प्राणी संपत चालले होते. निर्णय मोठा होता, यात शंका नाही. पण त्याच रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या बुगाख्वे सान लोकांना ख्वाय नदीपलीकडं हलावं लागलं. फाटकावरच्या पाटीवर एवढं सगळं मावत नाही.

जून-जुलैत इथं पाऊस पडत नाही, आणि नेमकं तेव्हाच पाणी येतं. अंगोलाच्या डोंगरात जानेवारीच्या आसपास पडलेला पाऊस कुबांगो आणि कुइतो नद्यांमधून सरकत सरकत कित्येक महिन्यांनी इथं पोचतो. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी पुढं पळण्याऐवजी पसरतं. समुद्रापर्यंत ते जातच नाही. बहुतेक सगळं ऊन आणि झाडं पिऊन टाकतात, उरलेलं वाळूत मुरतं. आजूबाजूचं रान वाळून कडकडीत झालेलं असताना मधे हिरवं पाणी! प्राणी तिथं जमणारच. २०१४ मध्ये युनेस्कोनं ओकावांगोच्या या त्रिभुज प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. यादीतलं ते हजारावं ठिकाण.

(दृश्य : थर्ड ब्रिज. मोपाने लाकडाच्या ओंडक्यांच्या पुलावरून खडखडत जाणारी गाडी. संध्याकाळ.)

थर्ड ब्रिज नावाची ही तंबूंची जागा. पूल म्हणजे ओंडके शेजारीशेजारी टाकलेले. कुंपण नाही, भिंत नाही, राखणदार नाही. गाइड आधी जमीन बघतो. वाळूवर कुणाची पावलं आहेत, हत्तींची रोजची वाट कुठून जाते, झाडाला कसली फळं लागलीत. सॉसेज ट्रीखाली तंबू लावायचा नाही, कारण त्याची फळं हातभर लांब आणि किलो-किलोंची असतात. डोक्यात पडलं तर सफारी तिथंच संपते.

मग तंबू. पहिल्या दिवशी दोन माणसांना अर्धा तास लागतो. काठ्या उलट्यासुलट्या घातल्या जातात, नवरा-बायकोत थोडं वाजतं. तिसऱ्या मुक्कामाला दहा मिनिटांत उभा राहतो. संडास म्हणजे थोडं लांब खणलेला खड्डा, त्यावर घडीचं बैठं आसन, भोवती कापडाचा आडोसा. आडोशावर फावडं टेकवलेलं दिसलं तर आत कुणी नाही. आंघोळीला झाडाला टांगलेली कॅनव्हासची बादली, खाली तोटी. शेकोटीवर तापवलेलं एक बादली पाणी, तेवढ्यातच सगळं उरकायचं.

(दृश्य : शेकोटी. निखाऱ्यांवर बिडाचं भांडं. झाकणावरही निखारे.)

लाकूड लेडवुडचं असेल तर निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात. भांड्यात मांस तासन्‌तास शिजतं, नंतर ते ठेचून घेतात. मीठ सोडून मसाला जवळजवळ नाही. ही सेस्वा, लग्ना-मयताला हमखास होणारी. सोबत मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, त्याला इथं ‘पाप’ म्हणतात. आपल्या जिभेला पहिले दोन घास फिके लागतात, मग भूक आपलं काम करते. हुशार मराठी पाहुण्याच्या पिशवीत लसणाच्या चटणीची पुडी असतेच, आणि दुसऱ्या रात्री ती सगळ्या कॅम्पभर फिरते.

जेवणानंतर गाइड नियम सांगतो. आवाज चढवत नाही, पण त्यातला एकही ऐच्छिक नाही. रात्री तंबूची चेन पूर्ण लावायची. बूट आत घ्यायचे, कारण तरस चामडं पळवतं आणि चघळतं. खायची वस्तू, अगदी बिस्किटसुद्धा, तंबूत ठेवायची नाही. बाहेर पडावंच लागलं, तर आधी आतूनच बॅटरी फिरवायची. दोन डोळे चमकले, तर लघवी थांबवायची.

(दृश्य : काळोख. फक्त आवाज.)

आणि मग रात्र.

कॅनव्हासच्या आत डोळ्यांना काही काम नाही, कान मात्र लांबच लांब पसरतात. पाण्याकडून पाणघोड्याचं घोगरं हसणं. बेडकांचा घंटानाद. खालून वर चढत जाणारी तरसाची हाक. कुठंतरी फांदी मोडल्याचा कडाड आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. हे काहीच नाही म्हणजे हत्ती. पाच-सहा टनांचं जनावर वाळूवर चालतं आणि पावलाचा आवाज येत नाही. येतो तो पोटातला घुमारा आणि पानं ओरबाडल्याचा आवाज, तुमच्या उशीपासून चार हातांवर. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरपर्यंत जाते. त्यामुळे पहिल्या रात्री तो दाराशी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो नदीपलीकडं असतो. बहुधा.

गाइड सांगतात, प्राण्याला बंद तंबू म्हणजे एक भरीव वस्तू वाटते, वारुळासारखी. आत कुणी आहे असा विचार तो करत नाही. हे कारण पटायला दोन रात्री लागतात. त्यानंतर जी झोप लागते तशी लॉजच्या गादीवर लागत असेल, असं मला वाटत नाही. पैसे वाचवण्यासाठी आपण भिंत सोडली, दार सोडलं, जनरेटर सोडला. रान आणि आपल्या मधे जे जे येत होतं, नेमकं तेच कमी झालं.

(दृश्य : पहाट. वाफाळणारे पत्र्याचे मग. ब्लँकेटं गुंडाळून गाडीत बसलेले पाहुणे.)

जुलैची पहाट गोठवणारी असते. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे घेऊन आलेले पाहुणे गाडीत ब्लँकेटात शिरून बसतात. उजाडलं की निघायचं, मावळायच्या आत परतायचं. उद्यानात रात्री गाडी फिरवायला आणि रस्ता सोडायला बंदी आहे. मोरेमीबाहेर, नदीपलीकडच्या ख्वायमध्ये ती मुभा आहे, कारण तो भाग गावाच्या ट्रस्टकडे आहे. तंबूचं भाडं ट्रस्टला मिळतं. आफ्रिकी रानकुत्रे पाहायचे तर हीच जागा. ठिपक्याठिपक्यांचे, कान बशीएवढे. आपले कोळसून वेगळे, पण टोळीनं धावण्याची रीत तीच. इंपाला हरणाच्या मागं सुटले की गाडीनं त्यांच्याबरोबर राहणं अवघड. पाच मिनिटांत शिकार संपते, आणि पिल्लं आधी खातात.

(दृश्य : माबाबेचा सपाट प्रदेश. मग मागविख्वे वाळूचा उंचवटा. घरघरणारं इंजिन.)

ख्वायहून सावुटी म्हणजे दिवसभराची हाडं खिळखिळी करणारी वाट. माबाबेला काळी माती. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तिचा स्वभाव ठाऊक आहे. कोरडी असताना दगड, ओली झाली की चाक सोडत नाही.

सावुटीची नदी लहरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आटली, आणि जवळपास पाव शतक तिच्या पात्रातून गाड्या चालल्या. २०१० च्या सुमारास पुन्हा वाहू लागली, मग परत आटली. नुसत्या पावसाशी हा हिशेब जुळत नाही. जमिनीखालच्या हालचालींना त्याचं कारण मानतात. पात्र कोरडं असताना बोअरच्या पाण्यावर हत्तींची गर्दी होते, आणि तहानलेला हत्ती ऐकत नाही. नळाचा वास घेऊन त्यांनी जुनी न्हाणीघरं फोडली. म्हणून सार्वजनिक तळावरचं आजचं न्हाणीघर एखाद्या गढीसारखं आहे, भोवती जाड उंच तटबंदी. टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघालेला माणूस आधी कोपऱ्यावरून डोकावतो, हत्ती नाही ना.

इथले सिंह हत्तींची शिकार करण्यासाठी प्रसिद्ध झाले. दिवसा नाही, काळोखात. मोठ्या टोळीनं, आणि बहुतेक वेळा कळपातलं अर्धवट वाढलेलं जनावर गाठून. ऐकायला थरारक, पण सकाळी तिथं पोचलं की वासानं नाक धरावं लागतं. गुबात्सा टेकड्यांवर सान लोकांनी काढलेली चित्रं आहेत, त्यातही हत्ती आहे. टेकडी चढायचा कंटाळा करू नका.

(दृश्य : चोबे नदी. शेकडो हत्ती पाण्यावर.)

चोबे हे बोत्स्वानाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात इतर कुठल्याही देशात नाहीत एवढे. दुपारी नदीकाठी त्यातले किती उतरलेत हे मोजायचं सोडून द्यावं लागतं. पण कासाने जवळ आल्याचं आधी गाड्यांच्या संख्येवरूनच कळतं. नदीवर होड्यांची दाटी, प्रत्येकीवर कॅमेरे. सावुटीहून आलेल्या माणसाला हे जत्रेत शिरल्यासारखं होतं, आणि तंबूची शेवटची रात्र आधीच झालेली असते.

(दृश्य : कासाने. ट्रेलर रिकामा होतोय. तंबू उन्हात वाळत टाकलेले.)

पाहुणे इथून व्हिक्टोरिया धबधब्याकडं जातात. बक्षिसीचं पाकीट गाइडच्या हातात देऊन सगळे एकदा ‘के आ लेबोगा, रा’, म्हणजे ‘आभारी आहे, साहेब’, असं म्हणतात. पैशांची वाटणी तो, स्वयंपाकी आणि मदतनीस आपसात करून घेतात. मग नाटामार्गे माउन, सुमारे ६०० किलोमीटर डांबर, आणि पुढची टोळी.

नोव्हेंबरअखेर पाऊस सुरू झाला, माबाबेची काळी माती भिजली, की ही वाट भरवशाची राहत नाही आणि धंदा मंदावतो. माणसं गावी जातात, तिथून गुरांच्या गोठाणावर. हंगामभर सिंहांच्या मागावर फिरलेला गाइड साठलेल्या पैशांचं काय करणार असं विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येतं. गाई घेणार. कुंपणाच्या अलीकडं.