फेरबदल होऊ द्या, पण पेरणीच्या तोंडावर नको

(नोव्हेंबर २०२५ मध्ये एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाशय, वाचनालयाची कार्यकर्ते मंडळी आणि बंधू-भगिनींनो,

पत्रिकेत विषय छापलाय 'राज्य मंत्रिमंडळातील संभाव्य फेरबदल'. तेव्हा निम्मी मंडळी नावं ऐकायला आली आहेत, हे मला ठाऊक आहे. कोणाला डच्चू मिळणार, कोणाची वर्णी लागणार. पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी तर मघाशी चहा घेतानाच विचारलं, "आपल्या जिल्ह्याला काही मिळतंय का?" काका, नावं मी सांगणार नाही. तालुक्याचा बातमीदार म्हणून माझी उमर गेली, आणि 'विश्वसनीय सूत्रं' किती विश्वसनीय असतात हे मी आतून पाहिलंय. पण ज्या गोष्टीबद्दल मला आज पोटतिडकीनं बोलायचंय, ती नावांपेक्षा मोठी आहे.

ही चर्चा आत्ताच का उठली? शेजारच्या गुजरातमुळे. १६ ऑक्टोबरला तिथं मुख्यमंत्री सोडून सोळाच्या सोळा मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्या दिवशी २६ जणांचं मंत्रिमंडळ उभं राहिलं. लगेच आपल्याकडे सुरू झालं, इथं कधी? नगरपालिकांच्या निवडणुका झाल्यावर? नागपूर अधिवेशनाच्या आधी की नंतर? शिवाय आपल्याकडे अडीच वर्षांचं सूत्र पहिल्या दिवसापासून बोललं जातंय. निम्मी मुदत एकाला, निम्मी दुसऱ्याला. त्याचा हिशोब शेवटी करू, तो महत्त्वाचा आहे.

जागांचं गणित मात्र सगळ्यांना माहीत असायला हवं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ चे पंधरा टक्के म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३. त्याआधी ताळतंत्रच नव्हतं. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंहांचं मंत्रिमंडळ नव्वदीच्या पुढं गेलं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये ४२ झाले, एक जागा रिकामी राहिली. मार्चमध्ये धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला, २० मे रोजी छगन भुजबळ आले, पुन्हा ४२. त्या एका रिकाम्या जागेवर राज्यभर किती जणांनी गुडघ्याला बाशिंग बांधलंय! त्यांची हौस मी समजू शकतो. दहा-पंधरा वर्षं मतदारसंघात राबलेल्या माणसाला मंत्रिपद हवंसं वाटलं तर त्यात गैर काय?

आता तुम्हाला एक प्रसंग सांगतो. जुलै २०२३. दोन तारखेला, रविवारी, राजभवनात अजितदादा आणि त्यांच्यासोबतच्या आठ जणांचा शपथविधी झाला. त्याच आठवड्यात आणखी विस्तार होणार अशी आवई उठली. आमच्या गावात बसस्टँडमागं एक फ्लेक्सवाला आहे. मी त्याच्याकडं गेलो तर संगणकाच्या पडद्यावर दहा बाय वीसचा फ्लेक्स तयार. वरती नेत्यांचे गोल फोटो, मधोमध आमदारसाहेब हात जोडून, बाजूला कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइज चेहरे ओळीनं. खाली ठसठशीत अक्षरात 'नामदार'. त्याखाली 'मंत्री' लिहिलेलं आणि त्याच्या अलीकडं चौकोन, कोरा. फ्लेक्सवाला मला म्हणाला, "भाऊ, तुम्हाला वरचं कळतं, खातं कोणतं टाकू? पोरं तासाभरात न्यायला येतायत." मी म्हटलं, अरे, शपथ नाही, फोन नाही, खातं कुठलं? तर तिथं उभा असलेला एक कार्यकर्ता म्हणाला, "कोणतंही टाका, पण कृषी नको. त्यात शिव्याच खाव्या लागतात."

तो पोरगा काही वाईट नव्हता. जे ऐकत होता तेच बोलला. मुंबईतही हेच चालतं. खात्यांची भाषा मलाईदार आणि बिनमलाईची. महसूल, नगरविकास, सार्वजनिक बांधकाम यांवरून रस्सीखेच. आणि ज्या खात्यावर या राज्यातली निम्मीअधिक घरं जगतात, ते कोणाला द्यायचं याचा विचार सगळ्यात शेवटी. तो कोरा चौकोन मला अजून सलतो, कारण त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडत होती. डीएपी खताची टंचाई होती. एक गोणी मागायला गेलं की दुकानदार सोबत दुसऱ्या कुठल्याशा द्रवखताची बाटली गळ्यात मारायचा. लिंकिंग म्हणतात त्याला, इथं बसलेल्या कितीतरी जणांनी ते सोसलंय. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला दोन्ही पावत्या दाखवल्या, गोणीची वेगळी, बाटलीची वेगळी. बाटली घरी तशीच पडून. मी त्या पावत्यांचे फोटो घेतले, दुकानदारांना भेटलो, एका अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "वरचे साहेबच बदलणार आहेत. नवीन येऊ द्या, मग कारवाईचं बघू."

बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आठ कॉलमी काय होतं? संभाव्य मंत्र्यांची यादी, फोटोंसकट. माझी बातमी आतल्या पानावर चार ओळींत, पावत्या गायब. त्या यादीतली बहुतेक नावं पुढं खोटी ठरली. पावत्या खऱ्या होत्या. मला त्याचा राग आला आणि तो राग मी आजही सोडलेला नाही. माझं नाव मोठं छापून आलं नाही याचं मला काही नाही. पण खत जूनमध्ये आणि जुलैमध्येच लागतं. ऑगस्टमध्ये कारवाई करून त्या म्हाताऱ्याला काय उपयोग?

नाशिकचंही बघा. पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारीला जाहीर झाली, दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकला स्थगिती. कुंभमेळा तोंडावर आलेल्या जिल्ह्याला महिनोन्महिने पालकमंत्री नाही. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. तर मग मुद्द्यावर येतो, भराभर सांगतो.

ऑगस्ट २०२२ पासून तीन वर्षांत या राज्यानं चार कृषिमंत्री पाहिले. तारखा लिहून घ्या. ३० जून २०२२ ला शिंदे आणि फडणवीस यांचा शपथविधी झाला. ९ ऑगस्टपर्यंत दोघांचंच मंत्रिमंडळ होतं. जुलैत विदर्भात अतिवृष्टीनं शेतं खरवडून गेली, तेव्हा स्वतंत्र कृषिमंत्रीच नव्हता. १४ ऑगस्टला अब्दुल सत्तार यांना खातं मिळालं. १४ जुलै २०२३ ला ते धनंजय मुंडे यांच्याकडं गेलं. २१ डिसेंबर २०२४ ला माणिकराव कोकाटे. तेही नागपूरचं अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी पार पाडल्यानंतर. आणि ३१ जुलै २०२५ च्या रात्री दत्तात्रय भरणे. चारपैकी तीन बदल भर खरिपात.

३१ जुलै ही तारीख शेतकऱ्याच्या कानाला कशी लागते? ती पीक विम्याच्या अर्जाची शेवटची तारीख होती. त्याच वर्षी एक रुपयातला विमा बंद होऊन पुन्हा हप्ता सुरू झाला होता. सेतू केंद्रावर माणसं विचारत होती, आता किती भरायचे, कोणत्या नुकसानीचे पैसे मिळणार, कोणत्या नाही. उत्तर देणाऱ्या खात्याचा मंत्री त्याच रात्री बदलला. एक रुपयाची योजना तरी बघा. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली तेव्हा मंत्री एक, पहिल्या हंगामाचे अर्ज चालू असताना दुसरा, बंद झाली तेव्हा तिसरा. ती चांगली होती की वाईट, यावर मतभेद असतील. पण ती कोणाची जबाबदारी होती, हे विचारायला आज एकही माणूस समोर सापडत नाही. नवे मंत्री बसून दोन महिने होतात न होतात तोच सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेलं. ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते राबवायला खातं ओळखणारा माणूस लागतो. महिना-दोन महिन्यांत खातं ओळखीचं होत नाही, मग माणूस कितीही कामाचा असो.

कोणी म्हणेल, आरोप झाले, वाद झाला, तर मंत्री हटवायचा नाही का? हटवा. त्याच दिवशी हटवा. पण जाणाऱ्यानं लेखी टिपण द्यावं. खत, बियाणं, विमा, पंचनामे, कुठं काय अडकलंय, कोणती कारवाई बाकी आहे. आणि ते टिपण विधानसभेच्या पटलावर ठेवावं, म्हणजे नव्याला 'मी नवीन आहे' म्हणायची सोय राहणार नाही. तलाठी बदलला तरी दप्तराची यादी करून सही होते. मंत्र्याला ते का नको?

आणि जो फेरबदल ठरवून करायचाय, तो अर्थसंकल्पी अधिवेशन संपल्यावर एप्रिलमध्ये करा. खरीप आढावा बैठकीला जो बसेल, त्यानंच दिवाळीपर्यंत उत्तर द्यावं. राज्यघटनेचं कलम १६४ मंत्री निवडायचा अधिकार मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यावर सोपवतं. दिवस कोणता, यावर बंधन नाही. म्हणजे हे करायला कायदा बदलावा लागत नाही, मनावर घ्यावं लागतं.

आता तो अडीच वर्षांचा हिशोब. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात शपथविधी झाला. त्यात अडीच वर्षं मिळवा. १५ जून २०२७ येतो. मृग लागून जेमतेम आठवडा. पुन्हा तीच वेळ, पुन्हा बांधावर बियाण्याची वाट बघणारी माणसं आणि मुंबईत याद्या. अजून दीड वर्ष हातात आहे. या सभागृहातून एक साधा ठराव करून आपल्या दोन्ही आमदारांच्या हातात द्यावा, सत्तेतल्याच्या आणि विरोधातल्याच्याही: ठरलेला फेरबदल एप्रिलमध्ये आणि टिपण पटलावर. मसुदा मी लिहून आणलाय, टेबलावर ठेवतो. काका, पहिली सही तुमची.