गोठ्याचं पाणी गवताला देताय? तो काळसर हिरवा कोपरा आधी बघा

नमस्कार मंडळी. आज आधी माझ्या मागं बघा. आमच्या गोठ्याची नाली इथं उघड्यावर येते. हा कोपरा बघा, नेपिअर गवत इतकं हिरवं की काळसर दिसतंय, डोक्याच्या वर गेलंय आणि लोळलंय. आता त्याच वाफ्याचं पलीकडचं टोक बघा. पिवळं, बुटकं. ठोंबं एकाच दिवशी लावलेली.

पाणी उताराला जातं, तिथंच मुरतं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. हा कोपरा बघून मला पूर्वी बरं वाटायचं. आता भीती वाटते. का, ते सांगतो.

आधी या पाण्यात आहे काय ते बघू. एक गाय दिवसाला दहा लिटर तरी मूत्र टाकते, मोठी संकरित गाय त्याहून जास्त. लिटरमागं ६ ते ८ ग्रॅम नत्र धरा. दहा गायी म्हणजे दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम, महिन्याला जवळपास २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं साधारण २१ किलो. म्हणजे महिन्याला एक गोणी आपल्या फरशीवरून वाहून जाते! पालाशही बहुतेक मूत्रातच असतं. स्फुरद शेणात.

पण ही गोणी उडून जाणारी आहे. मूत्रातल्या युरियाला शेणातलं युरिएज नावाचं विकर लागलं की त्याचा अमोनिया होतो. सकाळी गोठ्यात डोळ्यांना झोंबतं ना, ते नत्रच हवेत चाललेलं असतं. म्हणून टाकी भरून आठवडाभर उन्हात ठेवू नका. रोजचं पाणी रोज, ऊन उतरल्यावर, सरीतून सोडा. फवाऱ्यानं उडवलं तर नत्र जातं आणि पानांवर शेण बसतं ते वेगळंच.

आता भीतीचं. गवताला पचेल त्यापेक्षा जास्त नत्र मिळालं की ते नायट्रेट होऊन धाटात साठतं, बुडख्याकडं सगळ्यात जास्त. ढगाळ हवा असली किंवा पाण्याचा ताण बसला की अजून वाढतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. धाप लागते, झोकांड्या जातात, रक्त चॉकलेटी दिसतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. आणि हे गवत वाळवलं तरी नायट्रेट जात नाही. मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात, मात्र बरंच कमी होतं. उरलेलं नायट्रेट मातीतून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे, आणि पाणी उकळून ते निघत नाही. घरात बाटलीनं दूध पिणारं बाळ असेल तर विहिरीचं पाणी तपासून घ्याच.

मग केलं काय? नालीच्या तोंडाशी छोटा हौद बांधला, गाळ खाली बसतो. तो उपसून उकिरड्यावर टाकतो, नाहीतर पाइप तुंबतो आणि मातीवर पापुद्रा धरतो. पुढं लवचिक पाइप. वाफ्याच्या आठ सऱ्या, रोज एक सरी. मागोमाग विहिरीचं साधं पाणी. नेपिअर दीड-दोन महिन्यांनी कापणीला येतं, तर शेवटचे तीन आठवडे फक्त साधं पाणी. लहान वासरांना या वाफ्यातलं गवत देत नाही, कारण मोठ्या जनावरांच्या शेणातून जोन्ससारखा आतड्यांचा रोग वासरांनाच पटकन लागतो. फिनेलनं गोठा धुतला किंवा खुरांसाठी मोरचूद वापरलं, की ते पाणी या हौदात येऊ द्यायचं नाही. मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं.

जमीन पावसानं भिजलेली असेल तेव्हा सोडूच नका, सगळं ओढ्याला जातं. म्हणून हौद मे महिन्यातच रिकामा करून ठेवायचा.

या काळसर कोपऱ्याला मी या हंगामात थेंबभरही दिलेलं नाही. आज पाळी पाचव्या सरीची आहे, चला, पाइप तिकडं नेऊ.