सांगणाऱ्या लेकराचाच मोबाईल काऊन काढून घेता?

नमस्कार मंडळी. निंदणाला गेलेल्या बाया आता झाडाखाली डबा सोडून बसल्या असतील, कोणी पानटपरीवर असेल, कोणी मोबाईलवरच रेडिओ लावला असेल, सगळ्यांना नमस्कार. मी आपल्याच भागातल्या एका हायस्कूलात शिकवते अन आज बोलायचं आहे ते शाळेत पोट्टे एकमेकांना जो त्रास देतात त्याबद्दल, वर्गातला पण अन मोबाईलवरचा पण.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, चिडवाचिडवी कुठं नसते, आम्ही काय कमी चिडवलं का. बरोबर आहे. पण नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेउस म्हणून एक अभ्यासक होऊन गेले, 1970 च्या दशकापासून त्यांनी हाच विषय धरला, त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. मुद्दाम केलं का, परतपरत होतं का, अन ज्याला त्रास होतो त्याला उलटून उत्तर देता येतं का. दोन दोस्त एकमेकांना काळ्या अन जाड्या म्हणत हसतात ती मस्करी. पण आश्रमशाळेतून आठवीत आलेलं कोलाम नाहीतर कोरकू आदिवासीचं पोरगं, ज्याची घरची बोली वेगळी, त्यानं मराठीत तोंड उघडलं की अख्खा वर्ग त्याची नक्कल करतो, रोज, अन ते पोरगं हळूहळू बोलायचंच सोडून देतं, ती मस्करी नाही. ज्या पोराच्या बापानं कर्जापायी जीव दिला त्याला भांडणात तेच ऐकवतात, हे आपल्याकडं होतं, मी ऐकलेलं आहे, अन ऐकवणाऱ्या पोराला हे कुठून सुचलं तर घरातल्याच बोलण्यातून. जातीचं तर सांगायलाच नको.

पहिले निदान घरी आलं की सुटका होती. आता पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसमधून पोरगी उतरली, स्टँडवर कोणी फोटो काढला, त्यावर घाण काहीतरी लिहून स्टेटसला टाकला, इन्स्टावर शाळेच्या नावानं कन्फेशन पेज, म्हणजे नाव लपवून काहीही टाकायचं पान, काढून टाकला, तर ती जेवायला बसली तरी ते चालूच असतं. अन आता तर फोटोतला चेहरा उचलून दुसऱ्याच अंगावर बसवायला ॲप आहेत, पोरीनं काही केलेलं नसलं तरी फोटो तयार.

मग ती सांगत काऊन नाही? आई विचारते, काय झालं वं, तर काई नाई. कारण तिला माहीत आहे सांगितल्यावर काय होणार. बाप म्हणणार, आन तो मोबाईल इकडे, अन उद्यापासून शाळा बंद तुयी. चूक दुसऱ्याची, शाळा हिची बंद, अन दोन वर्षांत लग्नाचं बघायला सुरुवात. पोरगं असलं तर बाप म्हणणार, बायकावानी रडतं काय, दोन ठेवून दे त्याच्या. म्हणून मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे की सांगणं लेकराला महाग पडू देऊ नका, बाकी कायदे-हेल्पलाईन सगळं त्याच्या नंतरचं, कारण लेकरानं सांगितलंच नाही तर 1098 हा हेल्पलाईनचा नंबर लावणार कोण.

तर लेकरू बोललं की पहिले पूर्ण ऐकून घ्या, मधात ओरडू नका, तू काऊन फोटो पाठवला हे तर त्या घडीला विचारूच नका. मग स्क्रीनशॉट काढा, त्यात आयडीचं नाव, तारीख, टाइम दिसला पाहिजे, लिंक असेल तर जपून ठेवा, अन मगच रिपोर्ट अन ब्लॉक करा. लोक रागात आधी सगळं डिलीट करतात अन मग ठाण्यात जाऊन दाखवायला काही राहत नाही. पण एक सांगते, लेकराचा अश्लील फोटो असेल तर तो पुरावा म्हणून सुद्धा गावच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, आयटी कायद्याच्या कलम 67 ब खाली तो पाठवणंच गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. असा फोटो पसरायची भीती असेल तर अठराच्या खालच्यांसाठी टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, मोबाईलमधेच त्याचा एक नंबर तयार होतो अन सेवेत सामील असलेल्या साइट त्या नंबरावरून फोटो ओळखून काढतात.

1098 ही लेकरांची चाइल्ड हेल्पलाईन, फुकट, रात्री पण लागते, लेकरू स्वतः लावू शकतं. सायबर गुन्ह्यासाठी 1930, अन सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, तिथं बाया-लेकरांच्या प्रकरणात नाव न देता पण तक्रार टाकता येते. लेकरू गप्प झालं, जेवत नाही, जगून काय करू असं बोलायला लागलं तर वाट बघू नका, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416.

आपल्या गावात मिटवामिटवी फार चालते. पोट्टं सरपंचाच्या घरातलं असलं की मग तर बैठक बसते, चहा होतो, अन विषय संपला. साध्या भांडणात ठीक आहे, पण लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर तिथं 2012 चा पॉक्सो कायदा लागतो अन माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, शाळेच्या प्रमुखाला त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळं शाळेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसा असं कोणी म्हटलं तर त्याला हे ऐकवा.

अन त्रास देणारं पोट्टं, ते पण लेकरूच आहे. अठराच्या आतलं असलं तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. त्याला शाळेतून हाकलून काही होत नाही, ते बाहेरून त्याच फोनवरून तेच करते. त्याच्या मायबापाला बोलवा, पण चार लोकात नको, बाजूच्या खोलीत.

खरं जोर कुठं लावायचा तर हसणाऱ्यांवर. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं शाळांसाठी कीवा नावाचा कार्यक्रम तयार केला, त्यात मुख्य भर बघणाऱ्या वर्गावर आहे, कारण प्रेक्षक नसले की तमाशा उभा राहत नाही. आपल्याकडं फॉरवर्ड करणारा म्हणतो मी थोडी बनवला. ग्रुपच्या ॲडमिनची भीती वेगळीच. 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात सांगितलं की मेंबरनं टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, तो त्यात सामील असला पाहिजे. म्हणजे ॲडमिन झालेल्या सर लोकांनी घाबरून ग्रुप सोडायची गरज नाही, पण मेसेज डिलीट करायचं अन मेंबर काढायचं बटण तुमच्याच हातात आहे, ते दाबायला कोर्टाची वाट कशाला.

आपल्या शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे लेकरांच्या सुरक्षेसाठीची समिती, असायला पाहिजे, तक्रारपेटी पण. बहुतेक ठिकाणी पेटी हेडमास्तरच्या खोलीसमोर टांगलेली असते, सगळ्यांच्या डोळ्यासमोर, तिथं कोणतं लेकरू चिठ्ठी टाकेल सांगा बरं. पुढच्या पालक सभेला गेले की खिचडी अन गणवेशाच्या सोबत हे पण विचारा, समितीत कोण कोण आहे, पेटी शेवटची कधी उघडली, किल्ली कोणाजवळ असते.