पट्टी पोराची की पेटीवाल्याची?

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘शालेय संगीत नाटक : मुलांच्या गळ्याला पट्टी कशी ठरवावी’ असा छापलाय. पट्टी म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या सुरावर धरायचा तो सूर. विषयाकडे येतोच. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही दिसतंय. पण आधी नारदाची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसावं.

आमच्या शाळेनं किर्लोस्करांचं संगीत नाटक ‘सौभद्र’ करायचं ठरवलं. आठवीतला एक पोरगा नारद. तो गायला लागला की भजनी मंडळातले बुवासुद्धा चंची बाजूला ठेवायचे. नाताळची सुट्टी संपली, नारद तालमीला उभा राहिला, तोंड उघडलं आणि रेडकू ओरडलं. आवाज फुटला होता. स्नेहसंमेलन अठरा दिवसांवर! पोरगा रडायला लागला. मी म्हटलं, अरे, मिसरूड फुटतंय, पेढे वाट. तो आणखीच रडला. त्याला घटोत्कच केला. सुभद्रेला पळवायला तोच आवाज बरा.

पण नारद? सातवीतली एक मुलगी विंगेत वही धरून बसायची, तिला सगळी पदं पाठ. ‘मुलगी नारद कशी?’ असं एका पालकांनी विचारलं. म्हटलं, पुरुष सुभद्रा होत होते तेव्हा कुणाचं काही अडलं का? खरी अडचण पेटीवर बसली होती. बुवा जन्मभर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी ‘सा’ धरून, वाजवत आलेले. त्या पट्टीत पोरगी खाली गेली की पुटपुटायची, वर गेली की कुकरची शिट्टी. मी भीत भीत म्हटलं, बुवा, काळी चार धरू या का? बुवांनी भाता मिटला, खटका लावला. ‘मास्तर, आमचा देव काळी एकमध्येच ऐकतो.’ आणि चालू लागले. हसताय काय, मला घाम फुटला होता! बुवांच्या घरी कोण काय बोललं माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी बुवा आपणहून काळी चारवर बोट ठेवून बसलेले. तर आता तबला अडला. मोठ्या तोंडाचा तबला इतका चढवायचा म्हणजे पुडी, त्याचं कातडं, जायची. शेवटी शेजारच्या गावातून टिपेचा, लहान तोंडाचा, तबला आला, एसटीत, कंडक्टरशेजारी बसून. तिकीट न काढता.

गावानं हात आखडला नाही. सुताराने सुक्या भोपळ्याची वीणा केली, सरसाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत. सरपंचबाईंचा शालू रुक्मिणीला, त्याला सोळा पिना. पडदा दशावतारी मंडळींचा. माझी तक्रार एकच, ती मी दरवर्षी करतो : देणगीदारांची नावं. अर्जुन संन्यासी होऊन उभा, प्रवेश रंगात आलेला आणि कुणीतरी माईक ओढून सुरू, ‘अमुक तमुक यांच्याकडून एकशे एक...’ बिचारा अर्जुन नऊ नावं होईपर्यंत उभा. दहाव्या नावाला त्यानं दाढी खाजवली, ती हातात आली.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

एक, अख्खं नाटक करू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हा पहिले चारच अंक केले होते. आपण दीड केला तर काय बिघडलं? 1882 च्या ‘सौभद्रा’त पदांचा डोंगर आहे, त्यातल्या साक्या-दिंड्या, म्हणजे साध्या चालीतली छोटी पदं, आधी उचला. चाल लवकर बसते, शब्द ऐकू येतात, ताना माराव्या लागत नाहीत.

पट्टीचं म्हणाल तर वाटपाआधी प्रत्येक पोराला एकेकटं गायला लावा. न ओरडता वर कुठवर जातो, न पुटपुटता खाली कुठवर येतो, ते वहीत लिहा. पदातला सगळ्यात वरचा सूर त्याच्या मर्यादेच्या थोडा आतच राहील अशी पट्टी धरा. उत्साहात पोरं चढतात, तेवढी जागा ठेवा. एका नाटकात तीन पट्ट्या झाल्या तर होऊ देत. स्केल चेंजर पेटी, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते ती, उसनी मिळते, तबले मात्र जास्त लागतील. आठवी-नववीच्या मुलग्यांवर मुख्य पदं टाकू नका, आणि प्रत्येक गाणाऱ्या भूमिकेला दुसरं पोर तयार ठेवा.

घंटा झाली का? नावांची यादी आता आम्ही फळ्यावर लिहून मांडवाच्या तोंडाशी उभी करतो, तेवढं सांगायचं राहिलं होतं. पेटी माझ्या गाडीत आहे. चहानंतर कुणाला आपल्या पोरांची पट्टी काढून बघायची असेल तर वडाखाली या.