चाक तेवढेच, टायर उथळ

पुण्यात नाना पेठेतील एका टायरच्या दुकानापुढे जॅकवर उचललेली ही मोटार पाहा. तिची १५ इंची लोखंडी चाके उतरवून भिंतीशी रचून ठेवली आहेत आणि त्यांच्या जागी १७ इंची मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चाके, चढवण्याचे काम चालू आहे. गाडी आता भारदस्त दिसेल, असे मालकाचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. पण या बदलात काय वाढते आणि काय घटते, हे टायरवर उमटवलेले आकडे वाचल्याशिवाय कळत नाही.

जुन्या टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत देतो. हिशेब केला तर साइडवॉल सुमारे १२० मिलिमीटर भरते. नव्या २०५/४५ आर १७ टायरची साइडवॉल मात्र जेमतेम ९२ मिलिमीटर आहे. गंमत अशी, की चाकांचा बाहेरचा व्यास पूर्वी ६२२ मिलिमीटर होता, तो आता ६१६ आहे. म्हणजे ज्याला आपण मोठे चाक म्हणतो ते मोठे झालेलेच नाही. रिमने टायरची जागा खाल्ली आहे, इतकेच. आणि तसे करणेच योग्य असते, कारण टायरची उंची तशीच राखून रिम एका इंचाने जरी वाढवली, तरी बाहेरचा व्यास ४ टक्क्यांनी वाढतो, काट्यावर ८० दिसताना गाडी पूर्वीपेक्षा ३ किलोमीटर अधिक वेगाने धावत असते आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूस घासण्याची शक्यता निर्माण होते.

या उथळ टायरचा फायदा अनुभवायचा असेल, तर जुन्या कात्रज घाटात जावे. वळणावर उंच साइडवॉल आधी बाजूला कलते आणि मग गाडी वळते. उथळ साइडवॉल फारशी कलत नसल्यामुळे स्टेअरिंग फिरवताच गाडीचे नाक वळू लागते. रुंद टायर कोरड्या डांबरावर पकडही चांगली देतो. हा फरक खरा आहे, आणि ज्याला गाडी चालवण्यात रस आहे त्याला तो पहिल्या दोन वळणांतच जाणवतो.

परंतु घाटातून उतरून शहरात आलो, की हिशेब उलटा फिरतो. साइडवॉल म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधली हवेची गादी होय. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, चाक त्याच्या काठावर आदळते आणि उथळ टायर काठ व रिम यांच्या कात्रीत सापडतो. दुकानाच्या कोपऱ्यातला हा टायर पाहा. त्याच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आला आहे. कारागीर त्यावरून अंगठा फिरवतो आणि खडूने त्याभोवती गोल काढतो. आतले धागे तुटले आहेत, हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलत आहे आणि यावर पंक्चरसारखा कोणताही इलाज नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो. शेजारच्या बॅलन्सिंग यंत्रावर फिरणारी रिमही डुलताना दिसते, म्हणजे ती वाकली आहे. शिवाय टायर जितका रुंद, तितका साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो.

वजनाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. मोठे मॅगव्हील दिसायला नाजूक असले, तरी ते जुन्या लोखंडी चाकापेक्षा हलके असतेच असे नाही. परिघाकडे सरकलेले वजन फिरवायला आणि थांबवायला अधिक जोर लागतो. त्यामुळे पिकअप मंदावतो आणि ॲव्हरेज उतरते. कारखान्यात मोठी रिम दिली जाते, तेव्हा तिच्या आत अनेकदा मोठी ब्रेक डिस्कही बसवलेली असते. येथे मात्र मोठ्या आऱ्यांमागे जुनीच डिस्क एखाद्या बशीसारखी दिसते.

चाकाचा दर्जा हा त्याहून गंभीर विषय आहे. वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे आवार आहे. वाहने आणि त्यांचे सुटे भाग तेथे तपासले जातात. मिश्रधातूच्या चाकाने वळणाचा ताण, भार घेऊन सतत फिरणे आणि थेट आघात या तिन्ही कसोट्यांना उतरायला हवे. कोणतीही खूण नसलेल्या स्वस्त रिमबद्दल अशी खात्री देता येत नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनी जो आकार देते, तेथेच थांबणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. बहुतेक गाड्यांत ही वाढ एका इंचाची असते. बदल केल्यास विमा कंपनीला तो लेखी कळवावा.

मोटार आता जॅकवरून खाली आली आहे. डिकीत मात्र स्टेपनी जुनीच, १५ इंची आहे. तिचा व्यास जुळत असल्याने अडचणीत ती कमी वेगाने पंक्चरच्या दुकानापर्यंत नेईल, पण मॅगव्हीलचे नवे नट लोखंडी रिमला नीट बसतीलच असे नाही. म्हणून कारागिराने जुन्या नटांची पुडी बांधली आहे, आणि डिकी लावण्याआधी तो ती स्टेपनीच्या मधल्या पोकळीत ठेवतो.